प्रतोद : एका शब्दाची परीक्षा

अलिबाग-मुरूडकडील किनाऱ्यावर ओहोटी लागली, म्हणजे ओली वाळू घट्ट बसते आणि तिच्यावरून बैलगाड्यांच्या शर्यती धावतात. त्या पाहत वाढलेल्या मनुष्याला पराणी म्हणजे काय, हे कोशात शोधावे लागत नाही. काठीच्या टोकाची लोखंडी आर अंगाला लागली की बैल पुढे झेपावतो, हे ज्ञान त्याला बाळपणीच झालेले असते. जनावर हाकण्याच्या अशा साधनाचे एक प्राचीन नाव आपण हल्ली वर्तमानपत्रांतून नित्य वाचतो. परंतु ते टोचणीचे नाव आहे, ही गोष्ट वाचकांच्या सहसा ध्यानात येत नाही. विधिमंडळातील 'प्रतोद' हाच तो शब्द.

प्रथम त्याचे कूळ पाहू. मूळ धातू 'तुद्'. अर्थ टोचणे, व्यथा देणे. धातूंच्या दहा गणांपैकी सहावा गण याच्याच नावाने 'तुदादि' म्हणून ओळखला जातो. अमरकोशाच्या वैश्यवर्गात हाकण्याच्या टोचणीला प्राजन, तोदन आणि तोत्र अशी नावे दिली आहेत. जखमेवर नेमके बोट ठेवून डिवचणारा तो 'अरुंतुद' आणि चंद्राला छळणारा राहू तो 'विधुंतुद'. लॅटिनमधील 'तुंदेरे' व जर्मनमधील 'श्टोसेन' ही क्रियापदे याच घराण्यातील होत. 'तुद्' ला 'प्र' हा उपसर्ग लागला, म्हणजे टोचण्याला दिशा मिळते : पुढे जावयास लावणारी टोचणी ती प्रतोद. अथर्ववेदाच्या १५ व्या कांडात व्रात्याच्या रथाचा सारथी वारा असून त्याचा प्रतोद वावटळ आहे. महाभारतयुद्धाच्या नवव्या दिवशी श्रीकृष्ण भीष्मांवर धावून गेले, तेव्हा त्यांच्या हाती सारथ्याचा हाच प्रतोद होता.

असा हा रथावरचा शब्द सभागृहात आला, तो इंग्रजी 'व्हिप'चे भाषांतर म्हणून. त्या भाषांतरावर दोन आक्षेप संभवतात. इंग्लंडात शिकारीच्या वेळी कळपातून भरकटणाऱ्या कुत्र्यांना चाबकाच्या धाकाने आत वळविणारा जो नोकर असे, त्याला 'व्हिपर-इन' म्हणत; 'व्हिप' हे त्याचेच संक्षिप्त रूप. तेव्हा इंग्रजी शब्दात आत वळविणे आहे, आपल्या शब्दात पुढे दामटणे आहे, हा पहिला आक्षेप. दुसरा याहून मोठा. मूळ इंग्रजी शब्द चाबूक धरणाऱ्या माणसाचा आहे. आपण मात्र माणसालाच टोचणीचे नाव देऊन बसलो.

हिंदीने या दोन्ही अडचणी टाळून 'सचेतक' हा शब्द घडविला. सचेतक म्हणजे सावध करणारा. शब्द सभ्य आहे, आणि तोच त्याचा दोष आहे. कारण सावध केलेल्या मनुष्याला न ऐकण्याची मुभा असते. १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली, तेव्हापासून ती मुभा फारशी उरलेली नाही. पक्षाच्या निदेशाविरुद्ध पूर्वपरवानगीवाचून मत दिले आणि पक्षाने १५ दिवसांच्या आत ते क्षम्य मानले नाही, तर सदस्यत्वच धोक्यात येते. ही टोचणी आहे. तिला सूचना म्हणणे म्हणजे वाचकाची दिशाभूल करणे होय. पहिल्या आक्षेपाचे उत्तर यातच आले.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर घटनांनी दिले. पराणी आपण होऊन चालत नाही, तिच्यामागे हात असावा लागतो. मग प्रतोदामागचा हात कोणाचा? शिवसेनेतील फुटीनंतर जुलै २०२२ मध्ये विधानसभाध्यक्षांनी रायगड जिल्ह्यातील महाडचे आमदार भरत गोगावले यांना पक्षाचे मुख्य प्रतोद म्हणून मान्यता दिली. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती मान्यता कायद्याविरुद्ध ठरविली आणि तत्त्व सांगितले, की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नव्हे. शेतकऱ्याच्या भाषेत बोलावयाचे, तर पराणी कोणी धरावी हे बैलांनी ठरवावयाचे नसते. पुढे १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्षांनी, खरा पक्ष कोणता याचा निर्णय देऊन, गोगावले यांचीच नेमणूक वैध ठरविली. म्हणजे सारा वाद हाताविषयीच होता. माणसाला साधनाचे नाव देणारा आपला शब्द हा प्रश्न आपल्या पोटातच बाळगून होता.

यात मनाला टोचणारी एक गोष्ट आहे. त्याच न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बंद केलेल्या शर्यतींना १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त वाट मोकळी केली, आणि १८ मे २०२३ रोजी, म्हणजे प्रतोदाच्या निकालानंतर अवघ्या सात दिवसांनी, घटनापीठाने महाराष्ट्राचा तद्विषयक कायदा वैध ठरविला. त्या शर्यतींच्या नियमांत गाडीवानाला काठी, चाबूक इत्यादी साधने जवळ बाळगण्याची मनाई आहे. मुक्या जनावराला जी टोचणी वर्ज्य ठरली, ती बोलक्या प्रतिनिधीच्या पाठीशी कायद्याने उभी आहे. पक्षांतराला आळा घालण्यासाठी ती आवश्यक असेलही. तो वाद राज्यशास्त्राचा. भाषेच्या अभ्यासकाने एवढेच म्हणावे, की मराठीने ती लपविली नाही. शब्द खरा आहे. तो आपल्याला ऐकू येईनासा झाला, इतकेच. मुलांनी वर्तमानपत्रातील या शब्दाचा अर्थ विचारला, तर त्यांना सरळ पराणी म्हणून सांगावे.