जागेवर ठेवलेलं बोट : हौशी सुपरहीरो-कथा आणि वाचकाचा अभिप्राय

आजचा विषय वाचून काही जण गालातल्या गालात हसले असतील. जन्मभर कांट आणि काव्यशास्त्र शिकवलेल्या माणसाने बॅटमॅनवरच्या हौशी कथांबद्दल, आणि त्यातही त्या कथांना मिळणाऱ्या अभिप्रायांबद्दल, काय म्हणून बोलावं? माझं उत्तर सोपं आहे. समीक्षा म्हणजे काय, हा प्रश्न थोर ग्रंथांपाशी विचारला की आपण थोरांची मतं पाठ म्हणून दाखवतो. पण जिच्या लेखकाला कुणी पैसे दिलेले नाहीत, जी वाचायची कुणावर सक्ती नाही, अशी कथा समोर आली की वाचकाला स्वतःच ठरवावं लागतं, हिच्याबद्दल मी काय बोलू आणि का बोलू. प्रश्न तिथे उघडा पडतो.

आधी थोडा इतिहास बघू. १९६१च्या मार्चमध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या जेरी बेल्स या प्राध्यापकाने ‘अल्टर-इगो’ नावाचा सुपरहीरोंना वाहिलेला हौशी अंक काढला. मिझुरीतला तरुण रॉय थॉमस त्याच्या जोडीला होता. आपल्या सायक्लोस्टाइलच्या जातीच्या यंत्रावर काढलेला हा अंक. त्याच सुमारास डीसी कॉमिक्सचे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ वाचकांच्या पत्रांखाली त्यांचे पूर्ण पत्ते छापायला लागले होते. त्यामुळे वाचकाला दुसरा वाचक सापडला. गावोगावची एकटी मुलं एकमेकांना पत्रं लिहू लागली, अंक काढू लागली, त्यात स्वतःच्या कथा छापू लागली.

न्यू जर्सीतल्या बेयॉन गावच्या एका शाळकरी मुलाचं पत्र १९६३च्या नोव्हेंबरात ‘फँटॅस्टिक फोर’च्या विसाव्या अंकात आलं. पत्ता छापून आल्यामुळे त्याचा अशा हौशी अंकांशी संबंध आला. त्याला चित्रं काढता येत नव्हती, म्हणून त्याने गद्यात सुपरहीरो-कथा लिहायला सुरुवात केली. त्यातल्या एका कथेला चाहत्यांचा अ‍ॅली पुरस्कारही मिळाला. त्या मुलाचं नाव जॉर्ज आर. आर. मार्टिन. होय, ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाले. गंमत अशी की त्या वर्तुळात ‘फॅन फिक्शन’ म्हणजे चाहत्याने लिहिलेली कथा, मग नायक त्याचा स्वतःचा का असेना. आज तोच शब्द दुसऱ्याची पात्रं घेऊन लिहिलेल्या कथेसाठी वापरतात, आणि आपल्या पात्रांवर कुणी अशा कथा लिहिलेल्या मार्टिनना आवडत नाहीत.

त्या काळच्या अभिप्रायाबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. विज्ञानकथांच्या हौशी अंकांत एक रीत होती. अंक वाचून सविस्तर पत्र लिहिलंत, की पुढचा अंक फुकट. म्हणजे अभिप्राय हेच चलन होतं. आणि ते कमवावं लागे. बसायचं, लिहायचं, तिकीट लावायचं, खाली स्वतःचं नाव-पत्ता घालायचा. नुसतं ‘छान आहे’ लिहिण्यासाठी एवढा खटाटोप कोण करणार? त्यामुळे पत्र लिहिणारा कशाबद्दल तरी लिहीत असे.

आता आजकडे येऊ. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे चाहत्यांनीच उभारलेलं, ना-नफा तत्त्वावर चालणारं कथांचं भांडार २००९मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. २०१९मध्ये त्याला विज्ञानकथाविश्वातला मानाचा ह्यूगो पुरस्कारही मिळाला. तिथे कथेखाली ‘कुडोज’चं बटण असतं. एक टिचकी मारली की लेखकाला एक बदाम पोहोचतो. एका वाचकाने एका कथेला एकदाच द्यायचा. नापसंतीचं बटण नाही. शब्दांत लिहायचं तर जागा आहे, पण एक शिष्टाचारही आहे : लेखकाने मागितल्याशिवाय दोष दाखवायचे नाहीत.

मराठीत हौसेने लिहिणाऱ्यांना हे परकं वाटू नये. आपल्याकडेही ‘पुलेशु’ आहे, ‘पुभाप्र’ आहे. पुढील लेखनास शुभेच्छा, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. शुभेच्छांचंसुद्धा लघुरूप करण्याइतके आपण घाईत असतो.

या शिष्टाचाराची टिंगल करणं सोपं आहे. मी ती करणार नाही, कारण त्यामागे विचार आहे. ही कथा विक्रीला ठेवलेली नाही, ती भेट आहे. लग्नात मिळालेल्या भेटीच्या पाकिटावर आपण लाल शाईने शेरे मारत नाही. शिवाय या कथा लिहिणाऱ्यांत कोवळी मुलं-मुली बऱ्याच असतात. एका कुत्सित ओळीने लिहिणं कायमचं थांबू शकतं. आणि यांनी एक शहाणी सोयही केली आहे. ‘बीटा रीडर’ म्हणजे कथा बाहेर पडण्याआधी वाचणारा मित्र. व्याकरण, कालक्रम, पात्राचा स्वभाव हे सगळं तो तपासतो. म्हणजे चिकित्सा आधी, कौतुक नंतर. आपल्याकडच्या कित्येक छापील पुस्तकांना ही सोय लाभत नाही.

पण भेट या कल्पनेचाच जरा पाठपुरावा करू. मार्सेल मॉस या फ्रेंच विचारवंताने १९२५च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवलं की भेटीत तीन बंधनं असतात : देणं, स्वीकारणं आणि परतफेड करणं. कथेची भेट स्वीकारणं म्हणजे काय? पाकीट न उघडता ‘वा, सुंदर!’ म्हणणं म्हणजे स्वीकारणं नव्हे. कथा स्वीकारायची तर ती वाचली पाहिजे, आणि वाचली याची खूण लेखकापर्यंत गेली पाहिजे. बदाम ही खूण देतो का? ‘मी इथे आलो होतो आणि मला बरं वाटलं’ एवढं तो सांगतो. त्याचंही मोल आहे. पण ते वाचन आहे याची साक्ष तो देत नाही.

इथे कांट मदतीला येतो. १७९०च्या ग्रंथात तो एक भेद करतो. कॅनरी बेटांची वाइन मला रुचते, असं मी म्हणालो तर विषय संपला. ती मला रुचते, तुम्हाला नसेल रुचत. पण ‘हे सुंदर आहे’ असं म्हणालो, की मी तुमच्याकडूनही होकाराची अपेक्षा करतो. तुम्ही नाही म्हणालात तर आपल्यात वाद होऊ शकतो. बदाम हा वाइनच्या बाजूचा आहे. त्याच्याशी वाद घालता येत नाही. आणि ज्याच्याशी वादच घालता येत नाही, त्यातून लेखकाला शिकायलाही काही मिळत नाही.

मग वाद घालण्याजोगा अभिप्राय कोणता? सुपरहीरो-कथांत तो एका ठरलेल्या वाक्यात येतो : ‘तो असं करणारच नाही.’ माझ्या मते हे वाक्य या साऱ्या प्रकारात सगळ्यात महत्त्वाचं आहे. इतर कथांत पात्राला लेखक जन्म देतो, म्हणून तो सांगेल ते खरं. इथे पात्र आधीचं आहे, आणि वाचक त्याला लेखकाइतकंच, कधी जास्तच ओळखतो. म्हणून तो अधिकाराने बोलतो. ‘बॅटमॅन मारत नाही. तुझी कथा चुकली.’

पण हे विधान कसलं आहे? वस्तुस्थितीचं म्हणाल तर ते टिकत नाही. १९३९च्या पहिल्याच कथेत बॅटमॅनच्या ठोशाने गुन्हेगार आम्लाच्या टाकीत पडून मरतो आणि बॅटमॅनला त्याचं काडीचं दुःख होत नाही. १९४०च्या ‘बॅटमॅन’च्या पहिल्या अंकात तो विमानातून मशीनगन चालवतो. त्यानंतर व्हिटनी एल्सवर्थ या संपादकाने ठरवलं की हे बंद. म्हणजे ज्याला आपण बॅटमॅनचा स्वभाव म्हणतो, तो एका संपादकीय निर्णयातून आला आणि पुढच्या लेखकांनी त्याला अर्थ दिला. तेव्हा ‘तो असं करणार नाही’ याचा खरा अर्थ ‘त्याने असं करू नये’ असा आहे. ते माहितीचं विधान नाही, औचित्याचं आहे.

आणि औचित्य म्हटलं की आपण आपल्या घरी आलो. महाभारतातला दुष्यंत शकुंतलेला भर सभेत ओळखतो आणि तरीही नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणला, अंगठी आणली. राजा विसरला, खोटं बोलला नाही. मूळ कथेशी तुलना करणारा त्या काळचा एखादा चाहता म्हणाला असता, ‘मूळात असं नाही.’ कुंतकाने मात्र नेमक्या याच बदलाची वाखाणणी केली. का? हा बदल नाटकाला कुठे नेतो ते त्याने पाहिलं. आनंदवर्धनाचंही सांगणं हेच. ठरलेल्या कथेतलं जे रसाला मारक असेल ते कवीने टाकावं आणि नवं रचावं. म्हणजे कसोटी मूळ ग्रंथ नाही, समोरची कृती आहे. ‘तो असं करणार नाही’ म्हणायचा वाचकाला पूर्ण हक्क आहे, पण पुढचा अर्धा भाग त्याने द्यायला हवा : ‘कारण तुझ्याच कथेत, अमुक ठिकाणी, तू त्याला असा उभा केला आहेस.’

हा अर्धा भाग गाळला तर काय होतं, त्याचं टोकाचं उदाहरण व्यावसायिक कॉमिक्समध्येच आहे. १९८८मध्ये डीसीने बॅटमॅनचा साथीदार, दुसरा रॉबिन जेसन टॉड, जगावा की मरावा हे वाचकांवर सोपवलं. दोन फोन क्रमांक, एका फोनला ५० सेंट, मुदत साधारण दीड दिवस. मरावा : ५,३४३. जगावा : ५,२७१. ७२ फोनांच्या फरकाने मुलगा मेला. मोजले गेले ते फोन. कारणं कुणी विचारली नाहीत, त्यामुळे ती कुणाला कळलीही नाहीत. मात्र हौशी लेखकांनी त्या मुलाला सोडलं नाही. २००५मध्ये कंपनीने त्याला परत आणल्यापासून तर त्याच्यावर कथा लिहिल्याच जातात. दहा हजार फोनांनी जे सांगितलं नाही, ते सांगायचा प्रयत्न त्या करतात.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, विशीतल्या एका मुलीने लिहिलं : जेसन गेल्यावरही म्हातारा आल्फ्रेड रोज सकाळी त्याच्या खोलीतली चादर बदलतो. ब्रूस वेन दारात उभा राहून बघतो आणि निघून जातो. शेवटी ब्रूस आल्फ्रेडपुढे पानभर बोलतो. माझी चूक, माझा अपराध वगैरे.

पहिला वाचक लिहितो : ‘रडवलंस!’ दुसरा : ‘ब्रूस इतकं बोलणारच नाही.’ तिसरा लिहितो : ‘न वापरलेली चादर तो रोज बदलतो, तिथे मी थांबलो. ब्रूस दारातून परत फिरला, तेव्हा मला सगळं कळलं होतं. म्हणून शेवटचं बोलणं आलं तेव्हा वाटलं, चादरीवर तुझा पुरेसा विश्वास नव्हता.’

या तिसऱ्या अभिप्रायात कौतुक कुठे संपतं आणि दोष कुठे सुरू होतो? सांगता येत नाही. ज्या जागेवर दाद आहे, तिच्यातूनच आक्षेप निघतो. गाण्याच्या मैफलीत जाणकार कधी मान हलवतो ते आठवा. सतत ‘वाहवा’ करणाऱ्याकडे गायक लक्ष देत नाही. जागा घेतल्याबरोबर ज्याची मान हलते, त्याच्याकडे बघून तो पुढची जागा घेतो. तिसऱ्या वाचकाने जागेवर बोट ठेवलं. म्हणून ती मुलगी त्याच्याशी वाद घालू शकते : ‘नाही, मला ब्रूस मोडलेलाच दाखवायचा होता. जो कधी बोलत नाही त्याने बोलणं हीच माझी कथा.’ मग चौथा वाचक कथा पुन्हा उघडून बघेल की दोघांपैकी कुणाचं बरोबर. हे झालं, की समीक्षा सुरू झाली.

दोषांबद्दल एकच सांगतो. मम्मटाने काव्याच्या लक्षणातच निर्दोषता घातली. विश्वनाथाने त्यावर आक्षेप घेतला की असं म्हटलं तर काव्य नावाची वस्तू जवळपास उरणारच नाही. किड्याने भोक पाडलं म्हणून रत्नाचं रत्नपण जात नाही. हौशी कथेला अभिप्राय देताना हे लक्षात असावं. शुद्धलेखनाच्या आठ चुका मोजून दाखवणं हे प्रूफं तपासणाऱ्याचं काम. वाचकाचं काम रत्न कुठे आहे ते सांगण्याचं, आणि भोक त्याच्यापर्यंत पोहोचलं असेल तर तेही सांगण्याचं.

इथे थांबतो.

(व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न : सर, लेखिकेने ‘फक्त कौतुक चालेल’ असं आधीच लिहिलं असेल तर?

उत्तर : तर तिचं म्हणणं पाळावं. तिच्या घरात तिचा नियम. पण कौतुकसुद्धा जागेवर करता येतं ना? ‘छान’ऐवजी ‘चादरीची ओळ छान’ लिहा. इतर ओळींबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत, हे तिच्या लक्षात येईल. लिहिणाऱ्या माणसाला न बोललेलंही ऐकू येतं. आणि तिला जेव्हा खरा वाचक हवासा वाटेल, तेव्हा ती ‘चादरीची ओळ’ लिहिणाऱ्याला शोधत येईल.