चिक चॉकलेटला 'भारताचा आर्मस्ट्राँग' म्हणून आपण काय गमावलं?

आमच्या जानेफळला ट्रम्पेट म्हणजे वरातीतला बँड. लहानपणी मला कोडं पडायचं, बटणं तीनच, मग एवढे सूर येतात कुठून? 'शोला जो भडके' काही तीन सुरांत बसत नाही!

उत्तर साधं आहे. आवाज ओठांच्या थरथरण्यातून निघतो. नळी तेवढीच ठेवून ओठ आवळले, की सूर वरच्या पायरीवर उडी मारतो. बटणं फक्त नळी लांबवतात; मधलं दाबलं की सूर अर्ध्या स्वरानं उतरतो, पहिल्यानं एका, तिसऱ्यानं दीड. बाकी सगळं ओठ आणि दमावर. म्हणून ट्रम्पेट एकच असलं तरी दोन वादकांचा आवाज वेगळा निघतो.

आता चिक चॉकलेट. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणे, जन्म १९१६. मुंबईत ताजमहाल हॉटेलात त्याचा बँड वाजायचा. आर्मस्ट्राँगचा ढंग त्यानं स्वतःच उचलला होता, त्यामुळे ती उपमा अगदीच उपरी नाही. पण ती तिथेच थांबते. आर्मस्ट्राँग ओळखला जातो तो ऐनवेळी सुचलेल्या, लांबवलेल्या वादनासाठी. चिकची खरी कमाई मला सिनेमाच्या तीन-चार मिनिटांच्या गाण्यात दिसते. तिथे लांबवायला जागाच नाही. कुठलं वाद्य कुठे शिरेल, कुठे गप्प बसेल, हे आधी ठरवावं लागतं. सी. रामचंद्रांकडे सहायक म्हणून तो हे काम करत होता. 'अलबेला'तली (१९५१) गाणी आजही शिळी वाटत नाहीत, त्यात या कामाचा वाटा मोठा आहे, असं माझं मत. (यानं अण्णांचं श्रेय कमी होत नाही. चाली त्यांच्याच.) त्याच वर्षी 'नादान'ला त्यानं स्वतंत्र संगीतही दिलं, पण ते नाव किती जणांना आठवतं?

आम्हा पीएचडीवाल्यांना हे जरा जास्तच टोचतं. शोधनिबंधात निदान दुसरं, तिसरं नाव तरी छापतात. गाण्याच्या रेकॉर्डवर वाजवणाऱ्यांची नावं नसायची. मी एका गाण्याचा स्पेक्ट्रम काढून त्याचं ट्रम्पेट वेगळं करायचा प्रयत्न केला. जमलं नाही. सगळी वाद्यं एकाच मोनो ट्रॅकवर, एकमेकांत मिसळलेली.

१९६७ मध्ये तो गेला. 'अलबेला'त मात्र तो बँडसकट पडद्यावर दिसतो. परवा पुन्हा लावला, तर घरच्यांची नजर भगवानदादांच्या पायांवरच!