हलकी पुली : दावा आणि गणित

मोटारीच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला एक पुली असते. तिच्यावरून जाणारा पट्टा अल्टरनेटर आणि अनेक गाड्यांत पाण्याचा पंपही फिरवतो. ही जड पुली काढून ॲल्युमिनियमची हलकी पुली बसवली की इंजिनाची शक्ती वाढते, असा दावा सुटे भाग विकणारे करतात. इंजिन मुळातच संतुलित असल्याने जड पुलीची गरज नाही, असेही सांगतात. हे दोन्ही दावे आपण तपासून पाहू.

आधी शक्ती. समजा, मूळ पुली २.५ किलोग्रॅमची व नवी ०.७ किलोग्रॅमची आहे आणि दोहोंची त्रिज्या ७ सेंटिमीटर आहे. भरीव चकती मानल्यास जडत्व आघूर्ण सुमारे ०.००४४ किलोग्रॅम-मीटर वर्गाने घटते. इंजिनाची गती ४ सेकंदांत मिनिटाला २००० फेऱ्यांवरून ६००० झाली, तर कोनीय त्वरण सुमारे १०५ रेडियन प्रति सेकंद वर्ग येते. म्हणजे टॉर्कची बचत ०.४६ न्यूटन-मीटर, आणि ६००० फेऱ्यांना शक्तीची बचत सुमारे २९० वॅट, म्हणजे ०.४ अश्वशक्ती. सर्व वस्तुमान कडेला आहे असे मानले तरी हा आकडा फार तर दुप्पट होईल. शिवाय ही बचत गती वाढत असतानाच होते. गाडी एकाच वेगाने चालू असताना ती शून्य असते.

आता त्या वजनाचे काम पाहू. सिलिंडरमधील प्रत्येक ज्वलनाचा धक्का क्रँकशाफ्टला किंचित पिळतो आणि शाफ्ट स्प्रिंगसारखा उलट फिरतो. काही ठरावीक गतींना धक्क्यांची वारंवारता शाफ्टच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळते आणि झोपाळ्याला वेळेवर दिलेल्या झोक्यांप्रमाणे कंपने वाढत जातात. एका रांगेत सहा सिलिंडर असलेल्या इंजिनाचा लांब शाफ्ट अधिक लवचिक असल्याने तेथे धोका मोठा असतो. यावर ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९१० च्या सुमारास अवमंदक सुचवला. आजच्या अनेक पुल्यांत मधला भाग आणि बाहेरचे जड कडे यांच्यामध्ये रबर असते. शाफ्ट थरथरला की कडे जडत्वामुळे मागे राहते, रबर ताणले जाते आणि कंपनाची ऊर्जा उष्णतेत जाते. एकसंध हलक्या पुलीत कडेही नाही आणि रबरही नाही. ती न शमलेली कंपने शाफ्टला थकवतात व कालांतराने त्याला तडा जाऊ शकतो.

संतुलनाचा दावा मात्र शब्दांच्या गोंधळातून आला आहे. संतुलन म्हणजे अक्षाभोवती वस्तुमानाची समान वाटणी. पीळ हा ज्वलनाच्या धक्क्यांचा परिणाम. पूर्ण संतुलित शाफ्टही पिळला जातोच. या भागाला ‘हार्मोनिक बॅलन्सर’ हे नाव पडल्याने गोंधळात भरच पडली. उलट फोर्ड ३०२ किंवा शेव्हरोले ४५४ या इंजिनांत या भागावर मुद्दाम असमतोल वजन ठेवलेले असते. तेथे ‘अगदी संतुलित’ पुली बसवली की सारे इंजिनच असंतुलित होते.

न्यायाने सांगायचे, तर काही लहान चार-सिलिंडर इंजिनांत कारखान्यातूनच साधी पुली येते. तेथे अवमंदक गमावण्याचा प्रश्न नाही. पुलीचा व्यास कमी केला, तर पट्ट्याची गती घटून शक्ती खरोखर वाचते. पण त्याच प्रमाणात, गाडी सिग्नलला उभी असताना अल्टरनेटर वीज कमी देतो व पंप पाणी कमी फिरवतो. पट्ट्याच्या खाचा, त्यांची रेषा, टायमिंगच्या खुणा आणि काही इंजिनांत सेन्सरसाठी असलेले दातेही जुळावे लागतात.

वर्गात यासाठी दोन अंडी पुरतात. उकडलेले व कच्चे अंडे सारख्याच जोराने फिरवावे. कच्चे लवकर थांबते, कारण आतला द्रव मागे राहून घर्षणाने ऊर्जा खातो. अवमंदकाचे तत्त्व हेच. मग वरचे गणित विद्यार्थ्यांकडून सोडवून घ्यावे आणि विचारावे : अर्ध्या अश्वशक्तीसाठी शाफ्ट पणाला लावाल का?