श्यामचं कोण ऐकत होतं?

साने गुरुजींचं ‘श्यामची आई’ आपल्यापैकी बहुतेकींनी शाळेत असतानाच वाचलं. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं, बेचाळीस रात्रींचं हे पुस्तक. पुढे १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी त्यावर सिनेमा काढला, त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. त्यातली वनमालाबाईंची आई आठवली की अजून डोळे भरून येतात. तक्रार आहे ती आपल्या वाचण्याबद्दल. मुलाच्या हाती हे पुस्तक देताना आपल्या मनात एकच असतं : बघ, आई कशी असते, आणि तू कसा वागतोस!

मीही तेच केलं. किनवटच्या नणंदेने आणलेली प्रत धाकट्याला दहावीच्या सुट्टीत दिली. चार दिवसांनी त्याने विचारलं, “मम्मी, विहिरीच्या वेळी त्याला भीती वाटत होती ना? मग मारलं का?”

तुम्हाला आठवत असेल तो प्रसंग. श्याम पोहायला घाबरतो, लपून बसतो. आई त्याला मारत बाहेर काढते आणि विहिरीवर पाठवते. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये, ही तिची तळमळ. इथवर आपण सगळ्या तिच्याच बाजूने. पण प्रकरण परत वाचलं, तर पुढे ती त्याच्याजवळ येते. अंगावरचे वळ बघून रडते. का मारलं, ते त्याला सांगते. चाळीस वर्षांत मला मार आठवत होता, हे नाही.

आमच्या आदिलाबादेत मुलगा पंधरा-सोळाचा झाला की इंटरला हैदराबादच्या हॉस्टेलात टाकायची रीत. तीच विहीर म्हणा. थोरला जाताना रडला, तर मी म्हणाले, “मुलीसारखा काय रडतोस?” मराठी, तेलुगू, हिंदी सगळं फाडफाड बोलणारा पोरगा फोनवर एका शब्दावर आला, “ठीक.” मी आपली डब्यातून खाकरे, चिवडा पाठवत राहिले. संवत्सरीला गल्लीभर ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणत हिंडले, त्याला मात्र मार्क विचारले.

पुस्तकातलं एक मला खटकतंही. श्याम हे सगळं मोठेपणी सांगतो, तेव्हा आईचं बहुतेक सगळंच त्याला बरोबर वाटतं. त्या वयात काय वाटलं, ते फार थोडं कळतं. पण सांगतो कुठे, तर आश्रमात, संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर, सोबत्यांमध्ये बसून. मोठा बाप्या माणूस सांगता सांगता गहिवरतो आणि बाकीचे ऐकत बसतात. आपल्या घरातल्या किती पुरुषांना अशी एक तरी रात्र मिळाली? यजमानांना विचारलं, तर ते दुकानाच्या किल्ल्या शोधायला लागले.

थोरला आता नोकरीला आहे. दिवाळीला आला तेव्हा विचारलं, “हॉस्टेलचे पहिले दिवस कसे गेले रे?” तो बराच वेळ मोबाइलच बघत राहिला. मग म्हणाला, “बाथरूमचा नळ सोडून रडायचो मम्मी. आवाज येऊ नये म्हणून.”

माझ्या हातातला चहा गार झाला होता. मी म्हटलं, “अजून सांग.”