थिबा राजाची रत्नागिरी : लोकवार्ता, ग्रंथ व न पाहिलेले कागद

रत्नागिरीस गेलेला मनुष्य थिबा राजवाडा पाहिल्यावांचून सहसा परतत नाहीं. जांभ्या दगडाची तीन मजली इमारत, उतरतीं छपरें, खिडक्यांच्या अर्धवर्तुळांतील कोरीव लांकूडकाम, आणि खालीं भाट्याची खाडी व समुद्र. स्थळ रम्य आहे खरें. ह्या रम्यतेमुळेंच अशी समजूत रूढ झाली आहे कीं, ब्रह्मदेशच्या राजास हें समुद्रकांठचें गांव मानवलें व त्यानें हौसेनें येथें वाडा बांधविला. कागदांपुढें ही समजूत टिकत नाहीं.

नोव्हेंबर १८८५ मध्यें मंडाले पडलें. राजास प्रथम मद्रासेस व एप्रिल १८८६ मध्यें रत्नागिरीस आणिलें. वाड्यांत तो राहावयास गेला १९१० च्या अखेरीस, आणि डिसेंबर १९१६ मध्यें वारला. म्हणजे तीस वर्षांपैकीं चोवीस वर्षें सरकारनें नेमून दिलेल्या बंगल्यांत गेलीं. वाडा लाभला तो जेमतेम सहा वर्षें, आणि तोहि सरकारनेंच बांधविलेला. गांवाची निवडहि हवेसाठीं नव्हती. ब्रह्मदेश दूर, आगगाडी नाहीं (कोकण रेल्वे मार्गभर सुरू झाली १९९८ सालीं), येणेंजाणें आगबोटीनें, आणि पावसाळ्यांत तीहि बंद! सरकारची ही पारख पुढेंहि पालटली नाहीं. १९२४ पासून १९३७ पर्यंत सावरकरांस स्थानबद्ध ठेविलें तें ह्याच जिल्ह्यांत.

ह्या बंदिवासावर इंग्रजींत दोन ग्रंथ महत्त्वाचे आहेत. रंगून विद्यापीठांत इतिहास शिकविणारे वाल्टर सद्गुण देसाई ह्यांचा ग्रंथ १९६७ सालीं निघाला. श्रीमती सुधा शाह ह्यांचा २०१२ सालीं. देसायांची मांडणी कोरडी परंतु भरंवशाची. त्यांत राजा बहुधा अर्जदार म्हणून भेटतो. शाह ह्यांनीं राणी सुपयालत व चार राजकन्या ह्यांच्या वंशजांच्या मुलाखती व आठवणी यांच्या आधारें त्या चित्रांत माणसें आणिलीं, हें त्यांचें मोठें श्रेय. थोरली राजकन्या १९१९ मध्यें आईबरोबर रंगूनास गेली, पण पुढें रत्नागिरीस परतली व १९४७ मध्यें तेथेंच निवर्तली. राजघराण्यांतील कोणी रत्नागिरी आपखुषीनें पत्करली असेल, तर ती हिनें; राजानें नव्हे.

तथापि दोन्ही ग्रंथांचा कणा सरकारी पत्रव्यवहार हाच आहे. राजा उधळ्या, कर्जबाजारी, सोबतचीं माणकें विकून खाणारा, हा अभिप्राय पहारा करणाऱ्या अधिकाऱ्यांचा. तो निवाडा म्हणून स्वीकारावयास आम्ही तयार नाहीं. कोणास काय भावानें विकलें, उधारीवर व्याज किती चढविलें, तांदुळास बाजारभाव लाविला कीं राजभाव, ह्या प्रश्नांचीं उत्तरें कलेक्टराच्या अहवालांत कोठून सांपडणार? तीं सावकाराच्या रोजकीर्दींत व वाण्याच्या खातेवहींत शोधावयाचीं. आणि त्या काळच्या अशा वह्या बहुतांशीं मोडींत आहेत.

येथें दोष ग्रंथकारांपेक्षां आपला अधिक आहे. आपल्या संग्राहकांची दृष्टि १८१८ पाशीं थांबते. पेशवाईंतील फुटकळ हुंडीहि जपावयाची, आणि १८९० ची सबंध खातेवही रद्दींत घालावयाची, हा प्रकार नेहमींचा. वस्तुतः एका परक्या राजकुटुंबानें मराठी मुलुखांत तीस वर्षें संसार केला, त्याची हिशेबी बाजू अशाच वह्यांत उरण्याचा संभव आहे.

राजा व १९१२ मध्यें वारलेली धाकटी राणी ह्यांचे देह १९१९ सालीं रत्नागिरीसच थडग्यांत ठेविले गेले. डिसेंबर २०१२ मध्यें ब्रह्मदेशचे अध्यक्ष थेन सेन त्या थडग्याच्या दर्शनास आले. थडगें आतां उपेक्षित नाहीं. वह्या मात्र आहेत. रत्नागिरी, राजापूर, संगमेश्वर ह्या बाजूच्या जुन्या पेढ्यांचीं बासनें ज्यांच्यापाशीं असतील, त्यांनीं १८८६ ते १९१९ पर्यंतचीं पानें उलटून पाहावीं, आणि थिब्याच्या नांवें एखादी बाकी आढळल्यास तिची नक्कल, वहीच्या मालकाचें नांव व पानाचा आंकडा ह्यांसह, प्रसिद्ध करावी.