अ‍ॅन क्लिफर्डची रोजनिशी

लेडी अ‍ॅन क्लिफर्ड (१५९०–१६७६) या इंग्रज सरदारकन्येची सन १६१६, १६१७ व १६१९ या सालांची रोजनिशी व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट यांनी १९२३ मध्ये संपादून प्रसिद्ध केली. तेव्हापासून अ‍ॅनकडे स्त्रीहक्कांची अग्रदूती म्हणून पाहण्याचा प्रघात पडला आहे. हे चित्र खोटे नव्हे. परंतु रोजनिशी बारकाईने वाचता ते अपुरे आहे, असे आमचे मत झाले आहे.

तिचे वडील, कंबरलंडचे तिसरे अर्ल जॉर्ज क्लिफर्ड, १६०५ साली वारले. आपली जहागीर त्यांनी भावाच्या नावे केली आणि या एकुलत्या हयात कन्येस पंधरा हजार पौंड ठेवले. दुसऱ्या एडवर्डच्या काळापासून ही मालमत्ता मुलगा वा मुलगी न पाहता औरस वारसाकडे जावी असा निर्बंध होता. त्याच्या आधारे मायलेकींनी दावा मांडला. अ‍ॅनचा नवरा, डॉर्सेटचा अर्ल रिचर्ड सॅकव्हिल, उधळ्या होता. रोख रक्कम घेऊन तिने हक्क सोडावा म्हणून तो तिच्या मागे लागला. १६१७ साली खुद्द राजा पहिला जेम्स मध्ये पडला. तरीही तिने संमती दिली नाही.

या संघर्षाचे वर्णन वाचू जाणाऱ्यास प्रथम निराशाच पदरी येईल. येथे ना आवेश, ना आक्रोश. नवरा लंडनमध्ये कोंबड्यांच्या झुंजी व घोड्यांच्या शर्यती यांत दंग आहे, आपण पत्त्यांत पैसे हरलो, आणि दबावासाठी आपली लहानगी मुलगी आपल्यापासून दूर नेली जात आहे: सारे एकाच संथ सुरात नोंदलेले. हीच आमच्या मते या लेखनाची खरी ताकद होय. दुःखाला विशेषण न जोडल्याने ते वाचकास अधिक लागते.

मात्र तिचा युक्तिवाद समस्त स्त्रीजातीसाठी नव्हता. तो आपल्या रक्ताच्या वारशासाठी होता. १६४३ साली चुलतभाऊ निपुत्रिक वारला तेव्हा जहागीर तिच्याकडे आली. १६४९ मध्ये ती उत्तरेस गेली, पडके किल्ले तिने पुन्हा उभारले. आणि खंडावरून आपल्याच कुळांशी ती कोर्टात भांडली. जिला कायद्याने नाडले, तिनेच कायद्याचा बडगा उगारला. गौरव करणाऱ्यांनी हेही सांगावयास हवे.

तिचे सर्वांत कोवळे नाते आईशी होते. २ एप्रिल १६१६ रोजी ब्रूअमजवळ रस्त्यावर दोघींचा निरोप झाला. पुढच्याच महिन्यात आई गेली. चाळीस वर्षांनी, १६५६ साली, त्याच जागी अ‍ॅनने स्तंभ उभारला आणि दर वर्षी त्या तिथीस गोरगरिबांना चार पौंड वाटण्याची सोय केली.

व्हिटाबाईंचे बालपण नोल येथे, अ‍ॅनच्या सासरच्या वाड्यात गेले. त्याही एकुलत्या. १९२८ मध्ये वडील वारले, तेव्हा केवळ स्त्री म्हणून नोल त्यांना न मिळता चुलत्याकडे गेले. अ‍ॅनची रोजनिशी तीन शतकांनंतरही शिळी का झाली नाही, याचे उत्तर तिच्या संपादिकेच्याच आयुष्यात सापडते.