काजळीवरची पांढरी रेघ

फार्मसी आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी प्रयोगशाळेत जे आलेख काढले, त्यांतला एक सावकाश वाचावा असा आहे. मांडणी साधीच. गिनीपिगच्या लहान आतड्याचा शेवटाकडचा इवलासा तुकडा ऑर्गन बाथमध्ये टांगलेला असतो. भोवती सुमारे ३७ अंश सेल्सिअसचं टायरोड द्रावण, त्यात सतत सोडलेली हवा. तुकड्याला दोऱ्यानं लिव्हर जोडलेली आणि तिच्या टोकाशी कायमोग्राफचा काजळी धरलेला ड्रम मंद फिरतो आहे. आतड्याचा अनैच्छिक स्नायू आकसला की काजळी खरवडत पांढरी रेघ वर चढते, सैलावला की उतरते. रुडॉल्फ माग्नुस यांनी १९०४ साली वेगळं काढलेलं आतडं असं द्रावणात जिवंत राखून दाखवलं आणि स्नायूला स्वतःचं म्हणणं लिहिता येऊ लागलं.

आलेखाची सुरुवात संथ आहे. स्नायू आकसवणाऱ्या हिस्टामिनची छोटी मात्रा, अर्धा मिनिट थांबणं, धुणं, विश्रांती, पुन्हा तेच. एकसारखी शिखरं ओळीनं उभी राहतात. मग मोठी मात्रा पडते आणि ती धुतली जात नाही. रेघ उसळून वर जाते, क्षणभर स्थिरावते आणि उतरू लागते. आलेखाचा सगळा अर्थ या उतारात आहे. हिस्टामिन द्रावणात तेवढंच आहे, स्नायूनं मात्र त्याला दिलेला प्रतिसाद आवरता घेतला आहे.

आता द्रावण बदलून पहिलीच छोटी मात्रा द्यावी, तर जेमतेम एक उंचवटा उमटतो. स्नायू थकला, असं कुणालाही वाटेल. पण मात्रा नीट बेतलेली असेल, तर पुढच्याच ओळीत हा समज मोडतो. स्नायू आकसवणारंच दुसरं द्रव्य, अ‍ॅसिटिलकोलिन घालताच रेघ पूर्ण उंचीवर जाते. ताकद शाबूत आहे, हिस्टामिनपुरतीच दाद थांबली आहे. गॅडम यांच्यासारख्या संशोधकांनी ही निवडक बधिरता हत्यारासारखी वापरली. अर्कात नेमकं कोणतं द्रव्य आहे, हे तिच्या मदतीनं ओळखता येई. कँटोनी आणि ईस्टमन यांनी १९४६ साली दुसरी बाजू दाखवली. मारा फार मोठा झाला, तर इतर द्रव्यांनाही स्नायू काही काळ कमी दाद देतो.

या उताराखाली काय घडतं, ते पुढे उलगडलं. पेशीच्या पटलावर हिस्टामिन ओळखणारा जो रिसेप्टर असतो, तो सतत उत्तेजित राहिला की त्यावर फॉस्फेट चढतं, त्याचा आतल्या यंत्रणेशी दुवा सुटतो, काही रिसेप्टर पेशीच्या पोटात ओढले जातात. व्यापक बधिरतेत पेशीच्या पटलावरचा आयनांचा तोलही बदललेला असतो.

तरीही मला सर्वांत सुंदर वाटतो तो आलेखाचा शेवटचा भाग, जो घाईत दुर्लक्षिला जातो. दर काही मिनिटांनी तीच छोटी मात्रा, आणि प्रत्येक शिखर आधीच्याहून थोडं उंच. फॉस्फेट उतरतं, आत गेलेले रिसेप्टर पटलावर परततात, पेशीत साचलेलं सोडियम बाहेर काढलं जातं. दोन मात्रांमधल्या सपाट रेघेत काहीच घडत नसल्यासारखं दिसतं, पण पुढच्या शिखराची उंची तिथेच कमावली जाते. कवितेत यती, म्हणजे ओळीतली विश्रांती, जे काम करते, तेच काम इथे ही सपाट रेघ करते. ती वगळली तर पुढच्या चढाला अर्थ उरत नाही.

आज आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांत हा प्रयोग संगणकाच्या पडद्यावर होतो. प्राण्यांसाठी ते चांगलंच झालं. पडद्यावरही हा भाग तितकंच मन लावून वाचायला हवा, कारण त्याचं तात्पर्य रुग्णापर्यंत पोहोचतं. हृदयशूळासाठी नायट्रोग्लिसरीनचा पॅच लावणाऱ्याला डॉक्टर तो रोज १० ते १२ तास काढून ठेवायला सांगतात. रक्तवाहिनीच्या स्नायूतली यंत्रणा वेगळी आहे, पण अखंड औषधानं तिचाही प्रतिसाद ओसरतो आणि खंड पडला की परततो. म्हणून औषध नसलेले ते तासही उपचारच असतात, आणि लावलेल्या पॅचइतक्याच काटेकोरपणे पाळायचे असतात.